खणाखणाने उभे राहणारे जाळीगृह : उभारणी आणि राखण

जून २०२० च्या अखेरीस वाळवंटी टोळांची झुंड गुरुग्रामवरून फरीदाबाद आणि पलवल जिल्ह्यांकडे सरकली. त्याच्या महिनाभर आधी विदर्भातील अमरावती, वर्धा व नागपूर जिल्ह्यांनी टोळधाड अनुभवली होती. टोळ डोळ्यांना दिसतो, त्याची झुंड दुरून ओळखता येते आणि कोणतीही साधी जाळी त्याला अडवते. टोमॅटो-मिरचीच्या कोवळ्या रोपाचा खरा वैरी मात्र जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा असतो. पांढरी माशी गाजावाजा न करता येते, पानाच्या मागच्या बाजूस बसते आणि रस शोषताना पर्णगुच्छ अर्थात पाने वळविणाऱ्या विषाणूचा शिरकाव करून जाते. या माशीपासून रोपे वाचविण्यासाठी घराच्या अंगणात, मळ्यात किंवा गच्चीवर नटबोल्टने जोडून उभारता येणारी छोटी जाळीगृहे आता सर्वत्र दिसू लागली आहेत. अशा जाळीगृहाची निवड, उभारणी आणि त्यानंतरची राखण यांचा क्रमवार विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

या पाठातील हवामानविषयक निरीक्षणे प्रामुख्याने फरीदाबाद परिसरातील आहेत. वनस्पती संरक्षण, विलगीकरण व साठवण संचालनालयाचे मुख्यालय याच शहरात आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या या संचालनालयाकडे परदेशातून येणाऱ्या रोपांबरोबर नवी कीड देशात येऊ नये, यासाठीच्या विलगीकरणाचे काम आहे. आपल्या परसातील जाळीगृहाचे तत्त्व याहून वेगळे नाही. एक हद्द आखायची, हद्दीवर मोजके दरवाजे ठेवायचे आणि आत येणारी प्रत्येक वस्तू तपासायची. दुसरे कारण हवामानाचे. मे-जूनमधील लू, धुळीची वादळे, मोसमी पाऊस आणि डिसेंबर-जानेवारीतील धुके व कडाका या चारही गोष्टी फरीदाबादला एकाच वर्षात येतात. येथे वर्षभर टिकणारी रचना विदर्भ-खानदेशातील उन्हाळ्यात आणि नाशिक-जुन्नरच्या थंडीतही योग्य त्या फेरफाराने टिकेल.

जाळीगृहाने काय साधते

टोमॅटो पर्णगुच्छ विषाणूचा प्रसार ‘बेमिसिया टॅबाकी’ ही पांढरी माशी करते. रोगट झाडावर थोडा वेळ रस शोषल्यावर विषाणू माशीच्या शरीरात शिरतो, काही तासांनंतर ती तो इतर झाडांना देऊ लागते आणि पुढे बराच काळ ती रोगवाहक राहते. लागण झाल्यावर लक्षणे दिसण्यास साधारणतः दोन ते तीन आठवडे लागतात. रोपवाटिकेतील टोमॅटो रोपाचे वय २५ ते ३० दिवसांचे असते. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लागण झालेले रोप ट्रेमधून निघताना हिरवेगार व निरोगीच दिसते. शेतकरी ते विश्वासाने घेऊन जातो, लावतो आणि रोग त्याच्या शेतात प्रकट होतो. तोवर त्या रोपावर बसलेल्या माश्यांनी शेजारच्या सऱ्याही बाधित केलेल्या असतात. रोपवाटिकेतील एक चूक अनेक गावांच्या शेतांत वाटली जाते, ती अशी. आपण केवळ काही ट्रे वाचवत नसून ज्यांच्या शेतात ती रोपे जाणार आहेत त्यांचा हंगाम वाचवत आहोत, ही जाणीव जाळीगृह उभारताना असावी.

टोमॅटोवरील ‘टुटा ॲब्सोल्युटा’ ही पाने व फळे पोखरणारी कीड भारतात प्रथम २०१४ मध्ये पुणे परिसरात नोंदली गेली. तिची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांत लपलेली असते. त्यामुळे रोपांबरोबर तिचा प्रवास सहज होतो. तिचा पतंग काही मिलिमीटर लांबीचा असल्याने योग्य जाळीतून आत येऊ शकत नाही.

परंतु जाळीला मित्र आणि शत्रू यांतील फरक कळत नाही. ढालकिडे, क्रायसोपर्ला, भक्षक माश्या व मधमाश्या यांनाही ती बाहेर ठेवते. जोराचा पाऊस उघड्या शेतातील कित्येक किडी धुऊन काढतो. छताखाली तेही घडत नाही. म्हणून एखादी मादी फटीतून आत शिरली, तर तिला आयते अन्न, निवारा आणि नैसर्गिक शत्रूंपासून पूर्ण संरक्षण मिळते. उष्ण हवामानात पांढऱ्या माशीची अंड्यापासून प्रौढापर्यंतची पिढी सुमारे तीन आठवड्यांत पूर्ण होते. पेरणीनंतर लगेच आत आलेल्या माशीची पुढची पिढी रोपे विक्रीला निघण्याच्या सुमारास उडू लागते. फाटलेले जाळीगृह हे उघड्या रोपवाटिकेपेक्षा अधिक धोक्याचे ठरू शकते. पुढील सर्व सूचनांचा पाया हाच आहे.

छिद्राचे गणित

जाळी विकत घेताना ‘४० मेश’, ‘५० मेश’ असे शब्द कानावर पडतात. मेश म्हणजे एका इंचात, अर्थात २५.४ मिलिमीटरमध्ये, असलेल्या धाग्यांची संख्या. ४० मेशमध्ये दोन धाग्यांच्या मध्यांतील अंतर ०.६३ मि.मी. येते. धागा ०.२४ मि.मी. जाड असेल, तर मोकळे छिद्र सुमारे ०.३९ मि.मी. उरते. ५० मेशमध्ये हेच छिद्र सुमारे ०.२७ मि.मी. येते. बाजारातील अनेक जाळ्यांचे छिद्र चौरस नसून लांबट असते. अशा वेळी अरुंद बाजू महत्त्वाची, कारण कीटकाची छाती अरुंद बाजूलाच अडते.

१९९१ मध्ये बेथके आणि पेन या कीटकशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार कीटक अडविण्यासाठी छिद्र जास्तीत जास्त पुढीलप्रमाणे असावे :

- नागअळीची माशी : ०.६४ मि.मी.
- कापसावरील मावा : ०.३४ मि.मी.
- पांढरी माशी (बेमिसिया) : ०.२४ मि.मी.
- फुलकिडे : ०.१९ मि.मी.

या आकड्यांवरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ४० मेशची जाळी नागअळी व पतंगवर्गीय किडी चांगल्या अडवते. पांढऱ्या माशीचे प्रमाण कमी करते, परंतु तिला पूर्णपणे थांबवीत नाही. दुसरी, टोमॅटो व मिरचीच्या रोपांसाठी ५० मेश अधिक भरवशाची आहे. तिसरी, फुलकिडे आणि कोळी यांना यांपैकी कोणतीही जाळी अडवू शकत नाही. त्यांच्यासाठी स्वच्छता आणि नियमित निरीक्षण यांवरच अवलंबून राहावे लागते.

मग आणखी बारीक जाळी का घेऊ नये? कारण छिद्र लहान होत जाते तसा वारा खेळण्याचा मार्ग आक्रसतो आणि आतील तापमान व दमटपणा वाढतो. बाहेर ४४ अंश सेल्सिअस तापमान असताना हवा कोंडली, तर रोपे किडीने नव्हे, उष्णतेने जातील. हिरवी किंवा काळी शेडनेट ही कीटकरोधक जाळी नव्हे, हेही शेतकऱ्यांना आवर्जून सांगावे. शेडनेटवरील ‘५० टक्के’ हा आकडा सावलीचा असतो, मेशचा नसतो. या दोहोंतील गोंधळामुळे ‘नेट लावूनही रोग आला’ अशी तक्रार वारंवार ऐकू येते.

आकार आणि क्षमता

पूर्वी आपल्याकडे घराचा आकार खणांत सांगत. सुट्या भागांच्या जाळीगृहालाही तीच भाषा चपखल बसते. एक खण २ मीटर लांब व २ मीटर रुंद धरावा. तीन खण जोडले की ६ × २ मीटरचे जाळीगृह होते. बाजूंची उंची २.२ मीटर आणि मध्यावरील आढ्याची उंची सुमारे २.७ मीटर ठेवावी. उंची वाढविली की तापलेली हवा रोपांच्या वर राहते.

तीनपैकी पहिला खण दुहेरी दाराच्या देवडीसाठी राखून ठेवावा. ही जागा वाया गेली असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात संपूर्ण जाळीगृहातील सर्वांत मोलाचे चार चौरस मीटर तेच आहेत. उरलेल्या दोन खणांत दोन्ही बाजूंना ६० सें.मी. रुंद व ४ मीटर लांब मांडण्या बसतात आणि मधे ये-जा करण्यासाठी सुमारे ७५ सें.मी. वाट राहते. ९८ कप्प्यांचा प्रोट्रे सुमारे ५४ × २८ सें.मी. असतो. तो आडवा ठेवल्यास प्रत्येक मांडणीवर १४, म्हणजे एकूण २८ ट्रे मावतात. कप्पे २,७४४ होतात. उगवण व मरतुकीपोटी दहा टक्के वजा केले, तरी सुमारे २,४७० रोपे हाती येतात. १.२ × ०.४५ मीटर अंतरावर टोमॅटो लावल्यास ही रोपे सुमारे १३ गुंठ्यांना पुरतात. अधिक क्षेत्र असेल, तर खण वाढवावेत. देवडी एकच पुरते.

जागा आणि दिशा

निवडलेली जागा मोकळी, पाण्याचा निचरा होणारी आणि दिवसातील बराच वेळ ऊन मिळणारी असावी. वांगी, भेंडी, कापूस यांचे पीक अगदी लगत नसावे. २०१५ मध्ये पंजाब व हरियाणातील कपाशीवर पांढऱ्या माशीचा मोठा उद्रेक झाला होता. अशा पिकाच्या कुशीत रोपवाटिका असेल, तर जाळीवर पडणारा किडीचा भार कित्येक पटींनी वाढतो. जाळीगृहाभोवती किमान २ ते ३ मीटरचा पट्टा तणमुक्त ठेवावा. घाणेरी, गाजरगवत, धोतरा यांसारखी झुडपे व तणे किडींना आसरा देतात. काही तणे विषाणूही सांभाळतात.

फरीदाबादला उन्हाळ्यात पश्चिम व वायव्येकडून, तर पावसाळ्यात बहुतांशी पूर्वेकडून वारा वाहतो. म्हणून लांबी उत्तर-दक्षिण ठेवून दार उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या अरुंद बाजूस घ्यावे. वारा लांब बाजूंमधून आरपार जातो आणि दार उघडताच थेट आत घुसत नाही. महाराष्ट्रातही पावसाळी वारे मुख्यतः पश्चिम व नैर्ऋत्येकडून येत असल्याने हीच मांडणी सोयीची ठरते. तथापि डोंगर, इमारती व झाडे यांमुळे वाऱ्याची दिशा बदलते. काठीला एक फडके बांधून आठवडाभर पाहणी करावी आणि मगच दाराची बाजू ठरवावी.

उभारणीचे टप्पे

१. आखणी करताना चारही कोन काटकोनात असल्याची खात्री करावी. दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान आले पाहिजेत. ६ × २ मीटरच्या आयतात कर्ण सुमारे ६.३२ मीटर येतो. आखणी तिरकी राहिली, तर पुढे जाळीला चुण्या पडतात आणि प्रत्येक चुणी ही भावी फट असते.

२. कोपऱ्यांवर आणि प्रत्येक खणाच्या सांध्यावर खांब येतात. मध्यम जमिनीत ६० सें.मी. खोल खड्डा घेऊन त्यात काँक्रीटमध्ये पाइपाची बाही बसवावी आणि खांब त्या बाहीत उतरवून बोल्टने कसावा. यामुळे जाळीगृह हलवायचे झाल्यास खांब न कापता काढता येतो. भारी काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीत खड्डा ९० सें.मी. घ्यावा, भोवती मुरूम ठोकून भरावा आणि सर्व खांब तळाशी आडव्या पाइपांच्या चौकटीने एकमेकांस जोडावेत. जमीन हलली, तर सांगाडा एकसंध हलेल. जाळी फाटणार नाही.

३. खांबांसाठी दीड इंची जस्तलेपित पाइप वापरावा. कापलेल्या टोकांना गंजरोधक रंग द्यावा. जाळीला स्पर्श करणाऱ्या सर्व कडा, बोल्टची टोके व क्लॅम्प यांवर कापडी किंवा रबरी पट्टी गुंडाळावी. उन्हात तापलेला पाइप जाळीला लागून राहिला, तर तेथील जाळी लवकर जीर्ण होते. स्पर्शाच्या ओळीवर पांढरा रंग दिल्यास हा त्रास कमी होतो.

४. जाळी सकाळी किंवा सायंकाळी ताणावी. ती ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये झिगझॅग स्प्रिंगने बसवावी. तारेने बांधलेल्या जाळीला प्रत्येक बांधाजवळ छिद्र मोठे होते. दोन पट्ट्यांच्या जोडावर किमान १० सें.मी. आच्छादन घेऊन दुहेरी शिवण घालावी.

५. जाळीची खालची कड ३० सें.मी. खोल चरात सोडून मातीने दाबून टाकावी. फरशीवर किंवा गच्चीवर चर घेता येत नाही. तेथे कड तळचौकटीखाली दुमडून त्यावर वाळूच्या अरुंद पिशव्या सलग ठेवाव्यात. आतील जमिनीवर तणरोधक विणीव चटई अंथरावी. फुलकिडे व नागअळी यांचे कोष मातीत होत असल्याने चटईमुळे त्यांच्या जीवनचक्रात अडथळा येतो.

गच्चीवर उभारणी करावयाची असल्यास वजनाचा हिशेब अटळ आहे. भारतीय मानक ८७५ मध्ये ये-जा असलेल्या सपाट छतासाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलोग्रॅम, इतका भार धरला जातो. ओल्या मातीचा केवळ १० सें.मी. जाडीचा थर दर चौरस मीटरला १६० ते १८० किलोग्रॅम भरतो. म्हणून गच्चीवर मातीचे वाफे करू नयेत. कोकोपीटचे ट्रे ठेवावेत, वजन तुळयांवर व भिंतींवर येईल अशी मांडणी करावी आणि स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

वाऱ्याचा भार

सुटे भाग हलके असतात. तेच त्यांचे गुण आणि तीच त्यांची उणीव. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा वारा सलग उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला सुमारे २५ किलोग्रॅम वजनाइतका दाब देतो. आपल्या जाळीगृहाची लांब बाजू १३.२ चौरस मीटर आहे. ती सलग असती, तर तिच्यावर सुमारे ३३० किलोग्रॅमचा रेटा आला असता. जाळीतून वारा आरपार जात असल्याने प्रत्यक्ष रेटा कमी असतो. पण धुळीने छिद्रे बुजली किंवा बाजूला प्लास्टिक कागद लावला की तो वाढत जातो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर दाब चौपट होतो. मे २०१८ मधील धुळीच्या वादळांनी उत्तर भारतात शंभरहून अधिक जणांचे प्राण घेतले होते, हे लक्षात घेतल्यास या हिशेबाची निकड पटेल.

म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर आणि लांब बाजूच्या मध्यभागी तिरपे ताण द्यावेत. वादळाचा इशारा मिळताच छतावरील शेडनेट व प्लास्टिक कागद उतरवून ठेवावेत. कीटकरोधक जाळी मात्र जागेवरच राहू द्यावी. प्रत्येक वादळानंतर प्रथम बोल्ट आणि नंतर जाळी तपासावी.

दुहेरी दार आणि प्रवेशाची शिस्त

देवडीचे बाहेरचे व आतले दार एकाच वेळी कधीही उघडे असू नये. दोन्ही दारे आपोआप मिटतील अशी स्प्रिंग लावावी आणि दाराच्या कडांना ब्रशची किंवा रबराची पट्टी बसवावी. देवडीच्या भिंती गडद रंगाच्या असल्यास पांढरी माशी तेथून आत जाण्यास कमी उत्सुक असते. ती पिवळ्या रंगाकडे ओढली जात असल्याने पिवळे कपडे घालून आत जाऊ नये. दिवसभराच्या कामांत जाळीगृहातील काम प्रथम करावे आणि रोगट शेतातील काम शेवटी. शेतातून परतून थेट आत शिरू नये.

ट्रे, कोकोपीट, अवजारे आणि विशेषतः बाहेरून आणलेली रोपे देवडीतच तपासावीत. ‘हे चार झेंडू तात्पुरते आत ठेवतो’ या वाक्यातून अनेक रोपवाटिकांमध्ये फुलकिड्यांचा प्रवेश झालेला असतो. शोभेची किंवा घरची कोणतीही कुंडी बियाण्यांच्या ट्रेजवळ ठेवू नये.

ऋतुमानानुसार देखभाल

*उन्हाळा.* जाळीच्या छतापासून सुमारे ३० सें.मी. वर ३५ ते ५० टक्के सावलीची शेडनेट स्वतंत्र ताणावी. मधल्या जागेतून गरम हवा निघून जाते. शेडनेट सकाळी उशिरा पसरावी आणि ऊन उतरल्यावर गुंडाळावी. दिवसभर सावलीत वाढलेली रोपे लांबोडकी व नाजूक होतात. आत रोपांच्या उंचीवर, सावलीत, कमाल-किमान तापमापक टांगावा. फरीदाबादसारख्या ठिकाणी मे अखेर ते जून मध्य या काळात रोपवाटिका रिकामी ठेवून तिची शुद्धी करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

*पावसाळा.* जाळीचे छत पाऊस अडवीत नाही आणि सतत ओले राहिलेले कोकोपीट रोपांच्या मरीला आमंत्रण देते. म्हणून आढ्यावरून दोन्ही उतारांवर २०० मायक्रॉनचा पारदर्शक कागद ताणावा, बाजू जाळीच्याच ठेवाव्यात. कागदावर पाणी साचून फुगा आला की तो त्याच दिवशी सरळ करावा.

*हिवाळा.* दिल्ली परिसरात या दिवसांत धुळीचा आणि धुरकट हवेचा थर जाळीवर बसतो. धुळीने प्रकाश व वारा दोन्ही कमी होतात, रोपे पिवळट पडतात आणि शेतकरी खताची मात्रा वाढवू लागतो. आधी जाळी धुवावी. महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात पडणारी काजळी, खडी केंद्रांची धूळ आणि कच्च्या रस्त्यांची माती हेच काम करतात. कडाक्याच्या रात्री कागद खाली सोडावा आणि सकाळी उघडावा. तो दिवसभर बंद राहिल्यास आतील दमटपणा करप्यास पोषक होतो.

जाळी धुताना पाण्याचा दाब कमी ठेवावा व फवारा आतून बाहेर मारावा, म्हणजे धूळ छिद्रातून बाहेर पडते. जोराच्या धारेने धागे सरकतात आणि छिद्रे मोठी होतात. पाणी क्षारयुक्त असेल, तर जाळीवर पांढरी पुटे चढतात. शक्य तेव्हा साठविलेले पावसाचे पाणी वापरावे. गंधकयुक्त व क्लोरीनयुक्त द्रव्यांमुळे प्लास्टिकचे सूर्यकिरणांपासूनचे संरक्षण कमी होऊन आयुष्य घटते. अशी द्रव्ये जाळीवर व कागदावर उडणार नाहीत, याची दक्षता घ्यावी.

राखणीचे वेळापत्रक

- *दररोज* : दोन्ही दारे पूर्ण मिटतात का, हे पाहावे. दहा रोपांची पाने उलटून मागची बाजू भिंगाने तपासावी.
- *आठवड्यातून दोनदा* : चिकट सापळे वाचून नोंद करावी.
- *दर आठवड्यास* : आत उभे राहून आकाशाकडे पाहत प्रत्येक शिवण, सांधा व कोपरा तपासावा. फट असेल, तर उजेडाची ठळक रेघ दिसते. तळाची माती पावसाने वाहून गेली किंवा उंदरांनी उकरली आहे का, हे बाहेरून पाहावे.
- *दर महिन्यास* : बोल्ट, ताण व स्प्रिंग कसून घ्याव्यात, जाळी धुवावी, भोवतालचा पट्टा तणमुक्त करावा.
- *दर हंगामाअखेर* : सर्व जाळी एकदा प्रकाशासमोर धरून तपासावी. बोटाने हलके ओढताच धागे तुटत असतील, तर ठिगळ न लावता ती पट्टी बदलावी.

ठिगळ लावताना मूळ जाळीच्याच मेशचा तुकडा घ्यावा, तो भोकाच्या चारही बाजूंनी ५ सें.मी. मोठा असावा आणि नायलॉन धाग्याने बारीक टाक्यांत शिवावा. माकडांचा उपद्रव असलेल्या ठिकाणी मोठे भोक पडण्याचा संभव असतो. म्हणून शिवणकामाची सुई, धागा आणि जाळीचे तुकडे देवडीतच एका डब्यात ठेवावेत. दुरुस्ती त्याच दिवशी होणे महत्त्वाचे आहे.

पिवळा सापळा पांढरी माशी, मावा व नागअळीची माशी यांसाठी, तर निळा फुलकिड्यांसाठी वापरतात. प्रत्येक खणात रोपांच्या शेंड्यांच्या किंचित वर एक पिवळा सापळा आणि देवडीत एक पिवळा सापळा टांगावा. संपूर्ण जाळीगृहास एक निळा पुरे. येथे सापळ्याचे काम मुख्यतः साक्षीदाराचे आहे. केवळ देवडीतील सापळ्यावर माश्या असतील, तर दुहेरी दाराने आपले काम केले आहे. देवडी व पहिल्या खणात दोन्हीकडे असतील, तर दाराची शिस्त ढिली आहे. देवडी स्वच्छ असून शेवटच्या खणात माश्या असतील, तर त्या खणाच्या जाळीत फट आहे. सापळ्यावर तारीख लिहून नोंद ठेवली, तर हे निदान पाच मिनिटांत होते.

आत कीड आढळल्यास

पहिले काम फट शोधण्याचे. फवारणीचा विचार त्यानंतर करावा. फट उघडी ठेवून केलेली फवारणी म्हणजे भोक न बुजविता पिंपात पाणी भरणे. बाधित ट्रे प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बांधून मगच बाहेर काढावा आणि पुरून टाकावा. विषाणूची लक्षणे दिसणारे रोप कोणत्याही औषधाने बरे होत नाही. ते उपटून नष्ट करावे व त्या ट्रेमधील उरलेली रोपे विकू नयेत.

कीटकनाशक वापरणे आवश्यकच असल्यास कीटकनाशक कायदा, १९६८ अन्वये त्या पिकासाठी व त्या किडीसाठी नोंदणी झालेलेच औषध, लेबलवरील मात्रेनुसार वापरावे. या नोंदणीचे काम पाहणाऱ्या समितीचे कार्यालयही फरीदाबादलाच आहे. बंदिस्त जागेत औषधाचा फवारा माणसाच्या अंगावर व श्वासात अधिक येतो, म्हणून मुखपट्टी, हातमोजे व चष्मा यांशिवाय फवारणी करू नये. एकाच गटातील औषध पुनःपुन्हा वापरल्यास बंद जागेत प्रतिकारक्षम किडींचीच पैदास होते.

काही शेतकरी जाळीगृहात भाजीपालाही घेतात. पालक, मेथी, कोथिंबीर यांना अडचण नाही. टोमॅटो व मिरची स्वपरागीभवनाची पिके असल्याने फुलोऱ्यात झाडे सकाळी हलकेच हलविली तरी पुरते. दोडका, कारले, भोपळा यांना मात्र मधमाशी लागते; आत ती नसल्याने हाताने परागीभवन करावे लागेल. भाजीपाला व रोपवाटिका एकाच वेळी एकाच जाळीगृहात घेऊ नये. जुने पीक हे नव्या रोपांसाठी किडीचे कोठार असते.

दोन फेऱ्यांमधील विश्रांती

एका फेरीची रोपे निघाली की दुसऱ्या फेरीची पेरणी लगेच करण्याचा मोह होतो. तो आवरावा. सर्व हिरवा भाग, गळालेली पाने व तणे बाहेर काढून जाळीगृह किमान १० दिवस पूर्ण रिकामे ठेवावे. हिरवे पान नसेल, तर पांढऱ्या माशीचे प्रौढ काही दिवसांतच मरतात. याच काळात ट्रे धुऊन निर्जंतुक करावेत, मांडण्या पुसाव्यात आणि सापळे बदलावेत. आत मातीचे वाफे असतील, तर एप्रिल ते जूनमध्ये ते ओले करून त्यांवर २५ मायक्रॉनचा पारदर्शक कागद चार ते सहा आठवडे घट्ट पसरावा. सूर्याच्या उष्णतेने मातीतील बुरशी, तणांचे बी व किडींचे कोष मोठ्या प्रमाणात नष्ट होतात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

महाराष्ट्रात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेमुळे आच्छादित रोपवाटिकांना चालना मिळाली आहे. नारायणगाव, पिंपळगाव बसवंत यांसारख्या टोमॅटोच्या पट्ट्यांत रोपे विकत घेण्याची पद्धत रूढ आहे. अशा ठिकाणी भेट देताना सांगाड्याच्या पाइपांची जाडी मोजून परत फिरू नये. चार प्रश्न अवश्य विचारावेत : आतले दार मिटलेले असल्याशिवाय बाहेरचे उघडत नाही ना? गेल्या आठवड्यातील सापळ्याची नोंद कोठे आहे? शेवटची शिवण केव्हा तपासली? मागील दोन फेऱ्यांमध्ये जाळीगृह किती दिवस रिकामे होते? या चारही प्रश्नांची उत्तरे तत्काळ मिळाली, तर त्या रोपवाटिकेतील रोपे शेतकऱ्याला निर्धास्तपणे सुचविता येतील.

सांगाडा एका दिवसात उभा राहतो. त्याची राखण दररोज दहा मिनिटांची आहे आणि ती घरातील कोणीही करू शकते. ती करणाऱ्या व्यक्तीचे नाव व तपासणीची वही देवडीच्या दाराशी लावून ठेवावी. रोपे नेण्यास आलेल्या शेतकऱ्यानेही ती वही मागून पाहावी. तो त्याचा हक्क आहे.